टाक्यांवरची केबिन

काम पुरं झालं की ज्याचं तोंड उतरतं असा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका धाकटा दीर म्हणून माझ्या वाट्याला आला. भाऊजी वेल्डर. वालीवला पत्र्याच्या छपराचा त्यांचा गाळा. चाळीस वर्षं त्यांनी लोखंडाला लोखंड जोडलं, आणि गिऱ्हाइकाचं काम असं की वस्तू गंजून जाईल पण जोड सुटायचा नाही. फक्त ते काम देताना हे मयताला आल्यासारखे कोपऱ्यात उभे. गिऱ्हाईक नव्या फाटकाला हार घालतंय, पेढे वाटतंय, आणि यांच्या हातातला पेढा तसाच. घरचं मात्र त्यांनी एकही काम आजवर पुरतं जोडलेलं नाही. वेल्डिंगमध्ये आधी ठिकठिकाणी लोखंडाचे नुसते थेंब टाकून वस्तू उभी करतात, आपण शिवणीत कच्चा धागा घालतो तसं. त्याला टाका म्हणतात. माप जमलं की मग सगळी कड भरून काढायची. भाऊजींच्या घरी फाटक टाक्यावर, जिन्याचा कठडा टाक्यावर, माझी जाऊ त्या जिन्यावरून तीस वर्षं भिंतीला धरून उतरते. "पक्कं क्येलं का मंग सुदारता येत नाय, वयनी," हे त्यांचं तत्त्वज्ञान. एकदा शेजारच्या म्हशीनं पाठ खाजवायला फाटकाला अंग घासलं आणि फाटक आडवं झालं. जाऊ म्हशीच्या नावानं ओरडतेय आणि हे खुशीत: "बरं झालं. दोन सूत तिरकंच व्हतं ता."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भाऊजींचं सगळं जग सुतात चालतं. भाकरी आज दीड सूत जाड झाली. पायरी सुतभर खचली. माझ्या मुलासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा सगळ्यांनी पोहे खाल्ले, शिक्षण विचारलं, आणि परतताना भाऊजी म्हणाले, "पोरगी चांगली हाय. डावा खांदा एक सूत खाली हाय, पन चालंल." हे सुनेच्या कानावर कुणी घातलं ते मी सांगणार नाही (मीच घातलं), पण आज वीस वर्षांनीसुद्धा भाऊजी दारात दिसले की ती शाळेतल्या कवायतीला उभी राहिल्यासारखी खांदे सरळ करते.

लोखंड कापण्याआधी ते पुठ्ठ्याचा नमुना कापतात, आणि पुठ्ठा लग्नपत्रिकांचा. आमच्या जूचंद्र गावात कुणाकडेही पत्रिका आली की लोक वाचून भाऊजींकडे पोचती करतात. त्यामुळे त्यांच्या गाळ्यात खिळ्याला टांगलेल्या प्रत्येक नमुन्यावर गणपती तरी असतो नाहीतर अर्धा 'चि. सौ. कां.'. माझ्या नणंदेच्या नातवाच्या लग्नाला भाऊजी गेले नाहीत, पण त्याच्या पत्रिकेतून आमच्या ट्रकच्या केबिनचा पुढचा डावा पाय कापला.

आता त्या ट्रकचं सांगायला हवं. तो माझ्या नवऱ्याचा. जुन्या पद्धतीचा, पुढे लांब नाक आणि मागे गोल खांद्यांची केबिन असलेला. यांनी उभ्या आयुष्यात त्यातून मिठागराचं मीठ वाहिलं. मीठ माणसाला चिमूटभर लागतं, लोखंडाला तेवढंही सोसत नाही. वरची केबिन सागवानी चौकटीची, ती टिकली. खालची चासी, म्हणजे चाकांवरचा लोखंडी सांगाडा, मात्र मिठानं अशी खाल्ली की एके दिवशी यांनी तिच्यात बोट खुपसलं आणि ते आरपार गेलं. दुसरा कुणी असता तर गाडी भंगारात देऊन मोकळा झाला असता. हे भावाकडे गेले. "दुसरी चासी बघ. माजी केबिन तिच्यावं बसव."

चासी मिळाली. पण ती पडली नव्या पद्धतीची, रुंदीला कमी, उंचीला जास्त. जुन्या केबिनचे पाय तिच्यावर टेकवायला गेलं तर हवेत. म्हणजे चार नवे पाय घडवायचे, प्रत्येकाखाली रबराची जाड चकती द्यायची, कारण चालताना चासी पिळवटते आणि केबिन घट्ट बसवली तर दारं अडकतात, काच तडकते. चांगल्या कारागिराला आठवड्याचं काम. भाऊजींना सहावं वर्ष लागलं. हे दर रविवारी गाळ्यावर जायचे आणि विचारायचे, "झालं का रं?" भाऊजी म्हणायचे, "टाकं मारल्यात, दादूस. जरा बगतो." आणि पुढच्या रविवारी टाके तोडलेले असायचे, कारण एक पाय अर्ध्या सुतानं चुकला होता.

चौथ्या वर्षी हे आजारी पडले ते उठलेच नाहीत. इस्पितळात भाऊजी भेटायला आले की आधी खाटेकडे बघायचे. खाटेचा एक पाय आखूड होता. पत्रिकेची घडी करून त्यांनी ती त्याखाली सारली, हलवून पाहिली, आणखी एक घडी दिली. नर्स म्हणाली, "काका, काय करताय?" ते म्हणाले, "मानूस सरल झोपला पायजे." शेवटच्या दिवशी यांनी डोळे न उघडता विचारलं, "झालं का रं?" मी भाऊजींच्या तोंडाकडे पाहत होते. अर्ध्या सुतालाही खोटं न बोलणारा माणूस म्हणाला, "झालं, दादूस. नुस्ता रंग ऱ्हायलाय."

त्यानंतर वर्षभर त्यांनी गाळ्याच्या त्या कोपऱ्यावर ताडपत्री टाकून ठेवली. तो विषय कुणी काढायचा नाही. मग त्यांचा उजवा डोळा गेला. डावाही जायच्या वाटेवर होता. डॉक्टरांनी सांगितलं की वेल्डिंगच्या उजेडाकडे आता काचेतूनसुद्धा बघायचं नाही, उरलेला डोळा जपा. तेव्हा एका सकाळी भाऊजी माझ्याकडे आले, ओट्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वयनी, वालीवला याल? केबिनीत बसायला मानूस पायजे."

मी विचारलं, "मी काय करायचं तिथं?"

"कायच नाय. वजन द्याचं. मोकल्या केबिनीचं माप खोटं असतं."

माझा मुलगा तिथेच होता. तो म्हणाला, "काका, कंपनीत काय माणसं बसवून गाड्या जोडतात का? आणि डोळ्याचं काय? गाडी तर रस्त्यावर जाणारही नाही आता."

"नाय जायाची. उभी ऱ्हायाची."

"मग कशाला एवढं माप?"

भाऊजी उठता उठता म्हणाले, "कंपनीवाल्यांना दादूस कुटं ठावूक हाय?"

म्हणून बहात्तराव्या वर्षी मला नोकरी लागली. दर गुरुवारी रिक्षानं वालीवला जायचं आणि वजन व्हायचं. वर चढायला भाऊजींनी लोखंडी पायऱ्या केल्या होत्या, अर्थात टाक्यावर, त्यामुळे मी रामाचं नाव घेत चढायचे. डावीकडची जागा माझी. ड्रायव्हरच्या जागेवर मिठाची दोन पोती, दोरीनं एकत्र बांधलेली, काट्यावर तोललेली. अठ्ठ्याहत्तर किलो. हे शेवटी पन्नासही भरले नसते. भाऊजींनी चांगल्या दिवसांतलं वजन धरलं होतं.

त्या पोत्यांशेजारी बसून मला एक बाई फार आठवायची. मास्तरांची मुलगी, मॅट्रिक पास, दोन वेण्या सोडून नुकतीच अंबाडा घालायला लागलेली. वरातीत याच केबिनमध्ये बसताना तिनं आधी सीटवर रुमाल अंथरला होता. मैत्रिणींना सांगायची, "आमचे हे मीठ-व्यवसायात आहेत," जणू समुद्र यांच्या नावावर होता. एकदा विरारला मैत्रिणीच्या घरी हळदीकुंकवाला गेली असताना हे भरला ट्रक घेऊन तिला न्यायला आले. खाली मिठानं पांढरा झालेला नवरा, गळ्यात पंचा. वर चार मैत्रिणी खिडकीत. या बाईनं काय करावं? ट्रकसमोरून ओळख नसल्यासारखी चालत गेली आणि टांगा केला. ट्रक घरापर्यंत टांग्याच्या मागे मागे आला, घोड्याच्या चालीनं. एकदाही हॉर्न वाजवला नाही. घरी आल्यावर यांनी एवढंच विचारलं, "घोरा बरा व्हता का?" मला आज त्या बाईचा अंबाडा ओढावासा वाटतो. ती यांच्या शेजारी फार थोडी बसली. पोत्यांशेजारी मी त्याहून जास्त बसले असेन.

शेवटच्या गुरुवारी भाऊजींनी चारही पाय चाचपले. आता त्यांना रेघ दिसत नव्हती. नखानं फट शोधायचे. केबिन आणि चासीच्या मधल्या जागेत ते सुतासुताच्या लोखंडी पट्ट्या सारून बघत होते. खालून आवाज आला, "वयनी, हलू नका."

"श्वास घेऊ का?"

"हलूच घ्या."

मग त्यांनी काच तोंडावर ओढली आणि कड भरायला घेतली. पुढचा डावा, पुढचा उजवा. निळा उजेड केबिनच्या फळ्यांमधून वर यायचा आणि मी डोळे मिटून घ्यायचे. मध्ये ते बराच वेळ थांबले. मला वाटलं, आता टाके तोडतात. मी वरून म्हटलं, "भाऊजी, अर्धं सूत इकडे तिकडे असलं तरी ते काही म्हणायचे नाहीत."

"तो नाय म्हनायचा. म्हनून त लाज वाटते."

मागचा डावा, मागचा उजवा. जळक्या रंगाचा वास, मग नुसती शांतता. लोखंड थंड होताना टिक टिक करत होतं. भाऊजी खालून बाहेर आले, काच काढली, आणि मी पाहिलं, तोंड उतरलेलं होतं. म्हणजे काम झालं होतं.

त्यांनी ड्रायव्हरचं दार उघडलं. दोरी सोडून एकेक पोतं खांद्यावर घेतलं, पायरी चाचपत उतरवलं, आणि भिंतीला टेकवून ठेवलं. मग परत खाली वाकले. मघाशी उजव्या बाजूला जी पट्टी शिरत नव्हती ती आता अलगद आत गेली. त्यांनी ती दोनदा काढून घालून पाहिली.

"केबिन सुतभर वर आली," ते म्हणाले. मग पट्टी पुसत, "वयनी, दादूस उतरला."

 ड्रायव्हरच्या सीटवर मिठाचे चार दाणे सांडले होते आणि रेक्झिनवर पोत्यांचा खळगा अजून भरला नव्हता. जरा वेळानं मी विचारलं, "भाऊजी, मी उतरू आता?"

ते चासीला पाठ टेकून खाली बसले होते. डोळ्यांवर ओला पंचा होता.

"बसा जरा, वयनी. घाई काय हाय?"

मी सरकून यांच्या जागेवर बसले. रुमाल पिशवीतच राहिला.