शेगडीजवळचं बाक

डोंगरातल्या पोयेनी गावच्या शाळेत एकच खोली आणि एकच बाई. चार इयत्ता, चौदा मुलं. पहिली आणि तिसरी तोंडी शिकत असली की दुसरी आणि चौथी मान खाली घालून लिहीत बसायची, मग उलट. उजव्या हातात खडू, डाव्या हाताचं बोट ओठांवर, अशा होर्तेन्सियाबाई त्या खोलीत एकतीस वर्षं उभ्या होत्या. मधल्या काळात राजधानीत सरकार पडलं. नाताळची सुट्टी संपल्यावर बाईंनी भिंतीवरची पडलेल्या नेत्याची तसबीर उतरवली, मागे राहिलेला फिका चौकोन दिसू नये म्हणून तिथं पाढ्यांचा तक्ता लावला, आणि तिसरीला सातचा पाढा विचारला. 'कॉम्रेड बाई' म्हणायचं तेवढं मुलांनी सोडलं. नुसत्या 'बाई' उरल्या.

या खोलीत बाईंचा स्वतःचा असा एक नियम होता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. जो सगळ्यात लांबून चालत येईल तो शेगडीजवळ बसेल. हिरव्या फरश्यांची ती उंच शेगडी मागच्या कोपऱ्यात होती. धारेच्या वाडीची मुलं दीड तास बर्फ तुडवत उतरायची. बाईंच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांतल्या एका मुलीच्या पायाची बोटं निळी पडली होती. त्या दिवसापासून वाडीच्या पोरांनी आत यायचं, ओले मोजे फरशीच्या कठड्यावर टाकायचे आणि मागच्या बाकावर बसायचं. नोव्हेंबर ते एप्रिल ते बाक त्यांचं. खाली चर्चशेजारी राहणाऱ्यांची मुलं पुढे, खिडकीच्या गारठ्यात. त्यांच्या आयांनी सुरुवातीला कुरकुर केली, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "तुमच्या पोराला वाडीत राहायला पाठवा, मग देते त्याला शेगडी."

बाईंच्या एकतिसाव्या वर्षी, फेब्रुवारीत, क्लूज शहरातल्या विद्यापीठातून क्रिना नावाची एक मुलगी आली. शिक्षक वर्गात काय करतात याचा अभ्यास चालला होता. चाळीस खेडेगावांतल्या शाळा, प्रत्येक ठिकाणी दोन आठवडे. तिनं मागे बसायला एक स्टूल मागून घेतलं. गुडघ्यावर एक कागद आणि मुठीत धावण्याच्या शर्यतीला वापरतात तसलं घड्याळ. दोन दिवस मुलं मागे वळून बघत राहिली, मग विसरली.

शेगडी पेटवणाऱ्या फ्लोआरामावशी मात्र विसरल्या नाहीत. "ही पोरगी दिवसभर खुणा करते," त्यांनी बाईंच्या कानाशी लागून सांगितलं. "तुमच्या तोंडाकडे बघते नि खूण करते. आमच्याकडे अंडी मोजतात अशी."

नवव्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई स्टुलापाशी गेल्या. "वही दाखव."

क्रिना गोंधळली. "बाई, अभ्यास संपेपर्यंत दाखवता येत नाही. नियम आहे."

"या वर्गात बसून लिहिलेली प्रत्येक वही मी तपासते. हा पण नियम आहे. आण."

पोरगी जेमतेम पंचवीसची. चौथीतल्या पोरीसारखी उठली आणि कागद पुढे केला.

त्यावर वर्गाचा नकाशा होता. प्रत्येक बाकाचा एक चौकोन. बाईंनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या चौकोनात एक रेघ, आणि रेघेखाली बारीक आकडा: उत्तरासाठी बाई किती सेकंद थांबल्या. पुढच्या बाकांचे चौकोन काळे झाले होते. खिडकीकडच्या ओळीत रेघांवर रेघा. मागे सरकावं तसा कागद विरळ होत गेला होता, आणि शेगडीच्या कोपऱ्यात तो जवळजवळ कोरा होता.

"हे काय?" बाईंनी एका चौकोनावर बोट ठेवलं.

"साव्हेता. नऊ दिवसांत दोन प्रश्न. एकदा तुम्ही पाऊण सेकंद थांबलात, एकदा एक. मग पुढच्या बाकाकडे वळलात."

"ती उत्तर देत नाही म्हणून."

क्रिना खालच्या आवाजात म्हणाली, "हे तुमचं एकटीचं नाही, बाई. सगळीकडे असंच दिसतं. जे हुशार वाटतात त्यांच्यासाठी शिक्षक जास्त थांबतात. जे वाटत नाहीत त्यांच्यासाठी थांबतच नाहीत. कुणाला कळतसुद्धा नाही."

"माझ्या वर्गात घड्याळ आणलंस," बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी या पोरांचे मोजे वाळवलेत. आणि तू घड्याळ आणलंस."

राग खरा होता, पण तो घरापर्यंत टिकला नाही. कारण साव्हेता चौथीत होती, आणि तिच्याबद्दल बाईंनी नोव्हेंबरात एक कागद लिहून दिला होता. चौथीनंतर मुलं खालच्या मोठ्या गावातल्या शाळेत जातात. ज्यांना ते झेपणार नाही असं बाईंना वाटतं, त्यांच्यासाठी शहरात एक शाळा आहे. लोक तिला 'वेगळी शाळा' म्हणतात. तिथून पोरं झाडू बांधायला आणि लाकडी चमचे कोरायला शिकून परत येतात आणि गावात त्यांना कुणी पूर्ण नावानं हाक मारत नाही. साव्हेताच्या कागदावर बाईंच्या सुंदर, उजवीकडे कललेल्या अक्षरात लिहिलेलं होतं: प्रश्नाला उत्तर देत नाही, समज फार कमी, वेगळ्या शाळेची शिफारस. मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी कुठलं मूल कुठल्या शाळेत जाईल ते ठरवणारी समिती शहरात बसणार होती. हातात तीन आठवडे होते.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी बाई शेगडीजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. तिथून त्यांनी स्वतःच्या टेबलाकडे पाहिलं. खिडकीचा उजेड फळ्याच्या अर्ध्या भागावर सांडला होता आणि तिथलं काही वाचता येत नव्हतं. काल लिहिलेली बेरीज म्हणजे नुसता पांढरा लखलखाट. पाठीला ऊब होती. डोळे जड होत होते. या बाकावरून वर्ग फार लांबचा वाटत होता, नदीपलीकडच्या लग्नासारखा. बाई तिथं बराच वेळ बसल्या. मग उठून त्यांनी फ्लोआरामावशींना हाक मारली आणि दोघींनी मिळून फळा खिळ्यांवरून काढला.

शेगडी हलवता येत नव्हती, म्हणून फळा हलला. तो शेगडीशेजारच्या भिंतीवर गेला, बाकांची तोंडं फिरली. मागचं बाक पुढचं झालं.

"आता मी लाकडं कुठून आणू? फळ्यातून?" मावशी करवादल्या.

"पोरांच्या मधून आणा. त्यांनाही जरा उठबस होईल."

फळा हलवणं सोपं होतं. थांबणं अवघड गेलं. एकतीस वर्षांची जीभ; प्रश्न विचारला की तीच उत्तराचं पहिलं अक्षर पुरवायला धावायची. बाई पाठीमागे हात घेऊन मनात मोजायला लागल्या. एक. दोन. तीन. पहिल्या दिवशी चारपर्यंत पोचल्या तेव्हा वर्गात इतकी शांतता झाली की पुढच्या ओळीतला एक मुलगा घाबरून म्हणाला, "बाई, बरं वाटत नाही का? मावशीला बोलवू?"

साव्हेता बोलत नव्हती. बाई विचारत, सातपर्यंत मोजत, आठपर्यंत मोजत. ती बाईंच्या तोंडाकडे बघत राहायची. डोळे राखाडी, न हलणारे. तीन दिवस असंच गेलं. चौथ्या दिवशी बाई दुसरीला वजाबाकी सांगत असताना साव्हेतानं हात वर केला.

"काय गं?"

"तिथं पाणी आधी पोचतं," साव्हेता म्हणाली. "कारण वरचा ओढा सरळ येतो."

कुणाला काही कळलं नाही. मग बाईंना आठवलं. आदल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं, बर्फ वितळल्यावर कुठल्या ओढ्याला आधी पूर येतो. त्या आठपर्यंत मोजून पुढे गेल्या होत्या. पोरगी पुढे गेलीच नव्हती. ती रात्रभर त्या ओढ्याशी थांबली होती.

बाईंनी खडू खाली ठेवला. "बरोबर," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा म्हणाल्या, "अगदी बरोबर." दुसरीची पोरं वजाबाकी अर्धवट टाकून बघत राहिली.

त्या रविवारी बाई धारेची वाडी चढल्या. त्रेपन्न वर्षांच्या बाईला ती चढण चढायला दोन तास लागले. साव्हेताचा बाप ग्लिगोर अंगणात लाकूड फोडत होता. बाईंना बघून त्यानं कुऱ्हाड टेकवली आणि टोपी काढली. तोही त्यांच्याच हाताखाली शिकला होता.

"बाई, तुम्ही? वर? पोरीनं काय केलं?"

"पोरीनं नाही, मी केलंय." आत चुलीपाशी बसून, मक्याच्या पिठाच्या मऊ घाट्यावर घातलेलं मेंढीचं चीज समोर गार होऊ देत, बाईंनी त्याला सगळं सांगितलं. कागद, रेघा, कोरा कोपरा. नोव्हेंबरात काय लिहिलं तेही.

ग्लिगोर ऐकत होता. मग तो हसला. "मीपण तिथंच बसायचो की, बाई. चार वर्षं नुसती ऊब खाल्ली. घरी आलो की आई विचारायची, आज बाईंनी काय विचारलं? मी म्हणायचो, पाय गार आहेत का ते विचारलं." तो आणखी हसला. बाई हसल्या नाहीत, तेव्हा तोही थांबला. "असू द्या हो. दुसऱ्या कुणी तेवढंही विचारलं नव्हतं."

"ग्लिगोर, तू त्या कागदावर सही का केलीस?"

"तुम्ही लिहिलं होतं म्हणून. तुम्ही लिहिलं म्हणजे खरं."

हे वाक्य बाई उतरताना बरोबर घेऊन आल्या. जड होतं ते.

समितीत तिघं होते: अध्यक्ष, बाईंना वीस वर्षं ओळखणारे निरीक्षकसाहेब, आणि मुलांची चाचणी घेणारी एक चष्मेवाली. साव्हेता डोक्याला नवा रुमाल बांधून खुर्चीच्या टोकावर बसली होती. ग्लिगोर बाहेर व्हरांड्यात होता. बाईंनी उभ्या उभ्याच आपला दुसरा कागद पुढे केला.

अध्यक्षांनी तो वाचला आणि निरीक्षकांकडे सरकवला. निरीक्षक बाईंना बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, हे काय लिहिलंय? 'माझा आधीचा अभिप्राय चुकीचा आहे, कारण मी या मुलीला प्रश्न विचारलेच नव्हते.' निवृत्तीला एक वर्ष राहिलंय तुमच्या. जूनमध्ये सत्काराला नाव दिलंय मी. नुसतं लिहा, मुलीत सुधारणा झाली आहे. काम होतंय ना?"

"मुलीत सुधारणा झालेली नाही, साहेब. ती होती तशीच आहे. सुधारणा माझ्यात झाली, तीही तीन आठवड्यांची. लिहिलंय तेच राहू दे."

चष्मेवालीनं चाचणी सुरू केली. "गाय आणि मेंढी यांच्यात काय सारखं आहे?" तिनं पेन्सिल टेकवली, क्षणभर पाहिलं, आणि पुढच्या ओळीवर नजर नेली.

"थांबा," बाई म्हणाल्या.

"मध्ये बोलायचं नसतं, बाई."

"मी बोलत नाही. तुम्हीही बोलू नका. एवढंच."

खोलीत शांतता झाली. निरीक्षकांनी घसा खाकरला आणि बाईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की दुसरा खाकर आतच राहिला. खाली रस्त्यावर एक गाडी सुरू होईना. तिचं इंजिन चार वेळा खोकलं. साव्हेता खिडकीकडे बघत होती.

"संध्याकाळी सोडल्या तर दोघी आपल्या आपण घरी येतात," ती म्हणाली.

चष्मेवालीनं उत्तरांच्या यादीत पाहिलं. यादीत असं काही नव्हतं. तिनं पेन्सिल उचलली, पण लिहिलं नाही. या वेळी ती स्वतःहून थांबली.

"आणि दोघी रवंथ करतात," साव्हेता म्हणाली. "शेळीपण. घोडा नाही करत."

पाऊण तासानं अध्यक्षांनी निर्णय वाचला: खालच्या मोठ्या गावची शाळा, पाचवी, इतर मुलांबरोबर. शिक्का बसला. फाईल बंद करता करता ते बाईंना म्हणाले, "तुमच्या अक्षरामुळे मी लगेच ओळखतो तुमचे कागद. पोयेनीहून याआधी तीन आलेत. पण माघार घेणारा हा पहिलाच."

"तीन," बाई म्हणाल्या.

"शेवटचा तीन वर्षांपूर्वीचा. वासिलिका नाव होतं. सातवीच्या वयाची असेल आता. इथंच आहे ना ती, वेगळ्या शाळेत?"

बाईंना वासिलिका आठवली. धारेच्या वाडीचीच. शेगडीजवळची. मोजे नेहमी उलटे वाळत घालायची. तिचा आवाज मात्र, कितीही प्रयत्न केला तरी, बाईंना आठवेना. निघताना त्यांनी टेबलावरचे कोरे कागद मागून घेतले.

बाहेर ग्लिगोरनं निर्णय ऐकला, पोरीच्या डोक्यावरचा रुमाल कारण नसताना पुन्हा बांधला, आणि नाक पुसून म्हणाला, "चला बाई, बस सुटेल. घरी डुक्कर राखून ठेवलंय, आज कापतो. आणि तुम्ही आला नाहीत तर वाडीतली माणसं मला वर येऊ द्यायची नाहीत."

"तुम्ही पुढे व्हा."

"आणि तुम्ही?"

"वेगळी शाळा कुठल्या बाजूला आहे रे?"

ग्लिगोरला काहीतरी कळलं असावं, कारण त्यानं का म्हणून विचारलं नाही. "नदीच्या अंगानं सरळ," तो म्हणाला. "पिवळी भिंत लागेल. पण बाई, आज गुरुवार. भेटायला देत नाहीत. रविवारीच देतात."

"मग फाटकाशी सांगेन, मी तिची शिक्षिका आहे."

बसमधून साव्हेतानं काचेला नाक लावून पाहिलं. बाई पुलावरून नदीच्या अंगाला वळल्या होत्या, बगलेत कोऱ्या कागदांचा गठ्ठा, आणि घाईघाईनं चालत होत्या.