सगळे तयार का?

आमच्या ह्यांच्या मावसभावाइतका भित्रा माणूस अख्ख्या सुरतेत नसेल, आणि माणसांना अंतराळात पाठवायचा अभ्यास नेमके तेच करत होते. अंतराळविज्ञानाची एम.एस्सी. आणि त्याला जोडून व्यवस्थापन नि नेतृत्व, असं काहीतरी दुहेरी प्रकरण होतं. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या एका कारखान्यात शेकडो माणसं एका कामाला कशी जुंपतात ते बघायला आले आणि पर्वत पाटियाच्या आमच्या दोन खोल्यांत राहिले. पालीला भीत, कुकरच्या शिट्टीला भीत, शेजारचे कापडाचे लूम बंद पडले तर त्या शांततेलाही भीत. एकदा मला गच्चीवर तारे दाखवायला नेलं आणि स्वतः जिन्याच्या दारातच बसले. म्हणाले, "वहिनी, कठडा बुटका आहे."

यान सोडण्याआधी म्हणे प्रत्येक विभागाला विचारतात, तयार का? एकानेही 'थांबा' म्हटलं की सगळं थांबतं, मग तो साहेब असो की साधा कारागीर. ही रीत भाऊजींनी घरात आणली. आमच्या चिमुरडीने चप्पल सापडेना म्हणून 'थांबा' म्हटलं आणि आमचा अर्धा सिनेमा बुडाला. हे चिडले, मला मात्र हसू आवरेना.

मग चौऱ्याण्णव साली प्लेग आला. तोंडाला फडकी बांधून लोक मिळेल त्या गाडीने गावी पळत होते. गल्लीने मिळून खानदेशला जायला टेम्पो ठरवला, पण हे कामावरून, पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंगमधून, परतलेच नव्हते. टेम्पोत कुणी खोकलं की सगळे अंग चोरत. मी लेकीला कवटाळून बसले होते, जीव नुसता टांगणीला लागला होता.

भाऊजी एकेका घराला विचारत आले. सगळे तयार. माझ्यापाशी थांबले. एवढ्या जणांचा जीव धोक्यात घालायचा कसा, मी रस्त्याकडेच बघत राहिले.

"वहिनी, म्हणा."

"थांबा," मी म्हटलं.

"मोडुं थाय छे, चालो," उशीर होतोय म्हणून ड्रायव्हर करवादला. शेजारची आजी म्हणाली, "आते काय मरननी वाट दखतस?" भाऊजींनी टेम्पोची किल्ली काढून खिशात घातली. "एकाने थांबा म्हटलंय," एवढंच म्हणाले.

उन्हं उतरताना हे धावत आले. तोवर एक बाळंतीण पोराला घेऊन चढली होती, मुंगी शिरायला जागा नव्हती. भाऊजींनी किल्ली दिली, ह्यांना वर ढकललं आणि म्हणाले, "मला कारखान्यात काम आहे." कारखाना केव्हाच बंद झाला होता.

साथ ओसरल्यावर परतलो तेव्हा दार भाऊजींनीच उघडलं. पार वाळले होते. भीती नाही वाटली, मी विचारलं. "रोज वाटली. तुम्ही पोहोचलात की नाही, कळायला मार्गच नव्हता," म्हणाले आणि लेकीला कडेवर घेऊन हमसून रडले. मलाही रडू आलं.

आता ते फार लांब असतात. कधीमधी फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, "सगळे घरी पोहोचले ना?" हे अजून वाटेत असले तरी मी हो म्हणते. उगाच त्यांच्या जिवाला घोर नको.