ह्यांनी न सांगितलेलं पथ्य

ही गोष्ट मी माझ्या मुलींनासुद्धा कळू दिली नाही. आज तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका. विषय पोटाचा आहे, म्हणजे पोट साफ न होण्याचा. नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडा.

त्रेपन्न-चोपन्न सालचं सांगते. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला आमचं घर. आमचे हे वैद्य. पडवीत रोगी बसत, आत मी चूर्णं कुटत असे. शेवंती नावाची एक सून सासूबरोबर यायची — वीस-एकवीस वर्षांची, नवरा मुंबईला गिरणीत. चार-चार दिवस तिला परसाकडे होत नसे, आणि व्हायचं तेव्हा रक्त पडायचं. ह्यांनी त्रिफळा दिला, एरंडेल दिलं, काळ्या मनुका भिजवून खायला सांगितल्या. तीन महिने झाले, गुण नाही. "पथ्य पाळतेस ना गो?" हे विचारत, आणि तिच्या आधी सासूच 'हो' म्हणे.

एकदा सासू पडवीत बसलेली असताना मी शेवंतीला आत बोलावलं. "खरं काय ते सांग." तिनं मान खाली घातली.

"काकी, कळ येते तवा चूल पेटवायची असते. मग पाणी भरायचं. सगळ्यांचं आटपेपर्यंत कळ जाते, मग येतच नाय."

आणि जेवण? शिळी भाकरी, सुका बांगडा. मनुका घरातल्या बाकीच्यांनी खाल्ल्या होत्या. तूप तिच्या पानापर्यंत पोचतच नव्हतं. औषध काय करणार होतं — सांगा ना?

मी तडक पडवीत गेले. हे मागे मुळ्या वाळत घालत होते. सासूला म्हटलं, "वैद्यांनी आजपासून कडक पथ्य सांगितलंय. उठल्यावर तिनं गरम पाणी प्यायचं आणि आधी परसाकडे जायचं. तोवर चुलीला हात लावायचा नाही. दुपारी ताजा भात, वर तूप. एक्केचाळीस दिवस. मोडलं तर औषध उलटेल — आणि मग तिची कूस उजवायची नाही."

शेवटचं वाक्य क्रूर होतं. मुद्दाम बोलले. त्या बाईला दुसरी कुठली भाषा कळली असती?

महिन्याभरात पोरीच्या तोंडावर रंग चढला. ह्या खोट्याची मला लाज वाटत नाही. वाटणारही नाही.

पण — कबुली ही नव्हेच.

एक्केचाळीस दिवस झाल्यावर सासू आली आणि तिनं थेट ह्यांनाच विचारलं, "आता पथ्य सुटलं ना? चूल आता तिनंच पेटवायची ना?"

"कसलं पथ्य?" हे म्हणाले. "मी असं काही सांगितलेलं नाही."

ती माझ्याकडे बघायला लागली. माझ्या हातात सूप होतं, मी तांदूळ पाखडतच राहिले. "सांगितलंत की," मी म्हटलं. "विसरलात. हे कायमचं पाळायचं, असंही म्हणाला होतात."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नव्हे — घाबरून. साठी उलटली होती तेव्हा. "असेल हो," एवढंच म्हणाले.

त्या दिवसापासून हा माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागला. दिलेल्या पुड्या रोग्याकडून परत मागायचे, मात्रा बरोबर आहे का म्हणून मला दोन-दोनदा विचारायचे. भस्मं देणं सोडलं. शिमग्याच्या आधी रोगी बघणंच बंद केलं. लोक पार हर्णैहून ह्यांना नाडी दाखवायला यायचे — त्यांना मी दारातून परत पाठवू लागले.

एकदा जेवताना ह्यांनी विचारलं, "त्या बाईला मी खरंच सांगितलं होतं का गो?" शेवंती तोवर नवऱ्याकडे मुंबईला गेली होती. खरं बोलून तिचं काहीच बिघडणार नव्हतं.

मी म्हटलं, "हो."

का? शेवंतीसाठी? छे. ह्यांच्यासमोर मी खोटी ठरले असते म्हणून. बस्स — तेवढ्यासाठी. तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा, मी ऐकून घेईन, पण रडून दाखवणार नाही.

हे त्यानंतर सहा वर्षं जगले. स्मरण शेवटपर्यंत लख्ख होतं. मला ते ठाऊक होतं — त्यांना नव्हतं.