भुंग्याच्या सहा सुया

कुंडलिक देवकाते आमच्या साखर कारखान्यात पहारेकरी आहे. उसाच्या गाड्या जिथून आत येतात त्या मागच्या फाटकावर त्याची नेमणूक असते. मी टाइम ऑफिसात आहे. कोण किती वाजता आला, कोणाची पाळी कोणाशी बदलली, याची नोंद ठेवणे हे माझे काम. कुंडलिक कधी उशिरा आल्याची नोंद माझ्या वहीत नाही. अलीकडच्या सात वर्षांत तो कधी एकटा आल्याचेही मला आठवत नाही. पुढे कुंडलिक, त्याच्या मागे भुंग्या नावाचा काळा कुत्रा आणि भुंग्याच्या मागे इंजिन नावाचा मेंढा, अशी तिघांची पाळी एकदमच बदलायची.

देवकाते मूळचे कऱ्हाटीचे. घरात पिढ्यानपिढ्या मेंढरे होती. कुंडलिकचे वडील गेले तेव्हा त्याने कळप विकायला काढला. त्या वेळी भुंग्या पिल्लू होता. त्याची आई गाडीखाली गेली म्हणून वडिलांनी त्याला एका नुकत्याच व्यायलेल्या मेंढीच्या कासेला लावले होते. एका बाजूला कोकरू आणि एका बाजूला हा, असे दोघे एकाच दुधावर वाढले. व्यापारी कोकरू उचलून निघाला तेव्हा पिल्लाने त्याचे धोतर धरले ते सोडेना.

“कोकरू सोडायचं का धोतर, येवढाच सवाल व्हता,” कुंडलिक सांगतो. “माणूस अब्रूचा. कोकरू सोडलं.”

तेच कोकरू पुढे इंजिन झाले. समोर जे येईल ते डोक्याने ढकलायचे, एवढेच त्याला येई.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात, ऐन गळिताच्या हंगामात, कुंडलिकचा अर्ज माझ्या टेबलावर आला. पुढचे सहा आठवडे साप्ताहिक सुट्टी रविवारऐवजी सोमवारी मिळावी. कारण, घरातील आजारपण.

मी त्याला बोलावून विचारले, “कुंडलिकराव, कोण आजारी आहे?”

“भुंग्या.”

“अर्जात घरातील आजारपण लिहिलंय तुम्ही.”

“मग? त्यो काय शेजारी ऱ्हातो व्हय?”

दिवाळीपासून भुंग्याच्या नाकातून रक्त येत होते. आधी उष्णता म्हणून कांदा हुंगवला, मग कोणी सांगितले म्हणून दुर्वांचा रस घातला. नाक एका बाजूने फुगले तेव्हा कुंडलिकने त्याला बारामतीला नेले. भिगवण रस्त्याला रोहिणी जगदाळे नावाच्या एक तरुण डॉक्टर नव्याने जनावरांचा दवाखाना चालवत होत्या. त्यांनी नाकातला थोडा भाग काढून काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि कॅन्सर असल्याचे सांगितले.

कुंडलिकला ते पटेना. “बाई, असं कसं? बिडी तर मी वढतो.”

डॉक्टरबाईंनी समजावले की हा वेगळा कॅन्सर आहे. एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो, हुंगण्या-चाटण्यातूनही होतो. पण याला औषध आहे. दर सोमवारी एक, अशा सहा सुया. पुण्याहून मागवाव्या लागतील. आणि एकही सोमवार चुकवायचा नाही. मध्येच सोडले तर गाठ परत येईल आणि मग औषधही चालणार नाही.

घरी आल्यावर कुंडलिकने हे बायकोला, सरुबाईला, सांगितले. ती म्हणाली, “हुंगण्यानं व्हतो म्हणं! किती डाव सांगितलं त्या मेल्याला, पाटलाच्या वस्तीवर जाऊ नगंस. ऐकंल तर शप्पत.”

सरुबाईचे आणि भुंग्याचे तसे कधी जमले नव्हते. तो तिच्या सारवलेल्या अंगणात नेमका पाय खरवडत बसे आणि ती त्याला केरसुणी दाखवत असे.

पहिल्या सोमवारी सकाळी सुई झालीच नाही. औषध जहाल. शिरेतच गेले पाहिजे, एक थेंब बाहेर गळला तर कातडी सडते, म्हणून कुत्र्याने अजिबात हलता कामा नये. भुंग्या हलला. टेबल हलले. कंपाउंडरने त्याचे तोंड बांधायला पट्टी घेतली, ती पट्टी भुंग्याने खाल्ली. डॉक्टरबाई म्हणाल्या, असे असेल तर मी सुई देऊ शकत नाही.

कुंडलिकने भुंग्याला टेबलावरून खाली घेतले. मग म्हणाला, “बाई, दुपारी उघडं हाय ना? त्याच्या भावाला घिऊन येतो.”

डॉक्टरबाईंना वाटले, कुंडलिकचा दुसरा कुत्रा असेल. दुपारी रिकाम्या उसाच्या ट्रॉलीतून मेंढा उतरला. इंजिनने आधी दवाखान्याचे दार ढकलले, मग औषधाचे कपाट ढकलून पाहिले आणि ते हलत नाही म्हटल्यावर मध्यभागी उभा राहिला. भुंग्याने त्याच्या पोटाशी अंग टाकले, लोकरीत तोंड खुपसले आणि डोळे मिटले. टेबल भिंतीला लावून डॉक्टरबाईंनी जमिनीवर बसूनच सुई दिली. भुंग्याचा कानसुद्धा हलला नाही.

“कॉलेजात हे शिकवलं नव्हतं,” त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी बजावले की दोन दिवस कुत्र्याच्या लघवीला उघडा हात लावू नका.

“त्यो हौशी माणूस कोण ते दाखवा मला,” कुंडलिक म्हणाला.

त्यानंतर दर सोमवारी तिघांना बारामतीला जावे लागले. ट्रॉली दर वेळी मिळत नसे, मग एसटी. कंडक्टर झुंबर गोरे आमच्याच भागातला. दुसऱ्या सोमवारी मीही त्याच गाडीत होतो, म्हणून हे ऐकले.

“देवकाते, हे काय?”

“मेंढा.”

“ते दिसतंय. त्याच्या पल्याड घोंगड्यात काय हाय?”

“त्यो बी मेंढाच समज.”

“आत्ता भुंकला त्यो!”

“खोकला झालाय त्येला. दवाखान्यातच चाललोय.”

झुंबरने घोंगडे उचलले. औषधाने भुंग्याची अर्धी मिशी गळली होती, नाकावर हळद होती, आणि त्याने झुंबरकडे इतक्या थकल्या नजरेने पाहिले की झुंबरने घोंगडे पुन्हा नीट पांघरले. “मागं बसा,” तो म्हणाला. “आन् इंजिनाला सांगा, डायवरला ढकलू नगं म्हणावं.”

दुसऱ्या सुईनंतर भुंग्या फार आजारी पडला. ताप भरला, अन्नावरची वासना गेली, पाणी पिऊन ओकू लागला. कुंडलिक फाटकावर असायचा, त्यामुळे दिवसभर सगळे सरुबाईवर आले. तिने केरसुणी कोपऱ्यात ठेवली. तांदळाची पेज करून बोटाने त्याच्या ओठांना लावली. कोंबडीची अंडी गावात द्यायची बंद केली. एक दिवस मी विचारपूस करायला गेलो तर ती भुंग्याला वाटीने आंबील पाजत होती आणि तोंडाने शिव्या देत होती. “गीळ की रं मुडद्या, का पाटलाच्या वस्तीचंच ग्वाड लागतंय?”

चौथ्या सुईला रक्त थांबले. पाचवीला नाक सरळ झाले आणि भुंग्याने सारवलेल्या अंगणात पाय खरवडले. सरुबाईच्या डोळ्यांत पाणी आले. मग तिने तोंडाला पदर लावून नवऱ्याला एक गोष्ट सांगितली.

दुसऱ्या सुईनंतर भुंग्याने तीन दिवस काही घेतले नव्हते तेव्हा तिने आपल्या माहेरच्या बिरोबाला नवस बोलला होता. माझा भुंग्या जगू दे, दारातलं बकरं तुला देते.

धनगरांच्या बोलण्यात नवसाचा मेंढाही बकरंच. आणि देवकात्यांच्या दारात बकरं एकच होते.

“अगं, येवढा आख्खा बाजार भरलाय बकऱ्यांनी,” कुंडलिक ओरडला, “आन् तू दारातलं कशाला म्हणलीस?”

“तवा तोंडाला तेच आलं. समोर तेच हुबं व्हतं, मला ढकलीत.”

सरुबाईचे माहेर इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचे. तिथल्या माळावरच्या बिरोबाची जत्रा जानेवारीच्या बारा तारखेला, रविवारी होती. सहावी सुई तेरा तारखेला, सोमवारी.

दुसऱ्या दिवशी दोघेही माझ्यासमोर उभे राहिले. माझ्या टेबलावर असा प्रश्न पूर्वी आला नव्हता.

कुंडलिक म्हणाला, “इंजिन गेलं तर सुई कशी द्यायची? सुई चुकली तर गाठ परत येती. भुंग्या मरंल.”

सरुबाई म्हणाली, “देवाला बोललेलं दिलं न्हाय तर देव सोडंल व्हय? भुंग्या मरंल.”

मी विचार करून म्हणालो, “सरुबाई, नवस भुंग्या बरा होण्याचा ना? सहावी सुई झाल्याशिवाय डॉक्टरबाई त्याला बरा म्हणत नाहीत. म्हणजे अजून नवस लागू झालेला नाही. पुढच्या जत्रेला बघा.”

कुंडलिकला ते एकदम पटले. सरुबाईला नाही. “सायेब, तुमी बीकॉम झालाय, पर देवाफुडं ही कलमं लावू मी? रगत थांबलं का न्हाय? थांबलं. मग झालं की.”

“दुसरा मेंढा आणून दारात बांधू,” कुंडलिक म्हणाला. “मग त्यो बी दारातलाच.”

“देवाला काय येडा समजता का?”

अखेर रविवारी जायचे ठरले. कुंडलिकने मला बरोबर घेतले. तिथला पुजारी भिमा हा सरुबाईचा मामा. तो शिकलेल्या माणसाचे ऐकेल, अशी कुंडलिकची समजूत. जत्रेच्या टेंपोत मागे पंधरा माणसे, भुंग्या आणि इंजिन. भुंग्याला घरी बांधून ठेवला होता, पण त्याने दोरी चावली आणि चालू टेंपोमागे तो फर्लांगभर धावला. पाच सुया झालेला कुत्रा इतका धावतो हे पाहून टेंपोतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंडलिकने तेवढ्या वाजवल्या नाहीत; कुत्रा बरा दिसला की नवस फेडणे आले.

भिमामामा सत्तरीचा, कपाळभर भंडारा लावलेला. मी बोलायला सुरुवात केली तर तो म्हणाला, “सायेब, तुमी सावलीला बसा. देव काय म्हणतोय ते बघू.”

तिथली रीत अशी की आधी बकऱ्याच्या पाठीवर तांब्याने हळदीचे पाणी घालायचे. बकऱ्याने अंग झाडले म्हणजे देवाने ते घेतले. झाडले नाही तर देवाला ते नको. सगळा निवाडा त्या झाडण्यावर.

इंजिनला देवळासमोर उभे केले. भुंग्या लगेच त्याच्या पोटाला चिकटून उभा राहिला. दोघातिघांनी त्याला ओढायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने दात दाखवले. “ऱ्हाऊ द्या,” भिमामामा म्हणाला आणि त्याने तांब्या ओतला.

पाणी इंजिनच्या पाठीवर पडले, लोकरीवरून ओघळले आणि भुंग्याच्या डोक्यावर आले. इंजिन समोरच्या माणसाच्या फेट्याचा शेमला चघळत होता. त्याने चघळणे थांबवले नाही. भुंग्याने मात्र नाकापासून शेपटापर्यंत असे अंग झाडले की भिमामामाचा पांढरा सदरा पिवळा झाला.

सगळे मामाकडे पाहू लागले. मग मागून कोणीतरी म्हणाले, “मामा, देवानं कुत्रं घेतलं का काय?”

“गप ए!” मामाने दुसरा तांब्या ओतला. इंजिन शांत. भुंग्याने अंग झाडले.

सरुबाई हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते. काय मागत होती ते तिलाच माहीत. कुंडलिक पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता.

तिसरा तांब्या मामाने सावकाश, मानेपासून शेपटापर्यंत ओतला. इंजिनने एक पाऊल पुढे टाकले, मामाच्या पोटाला डोके लावले आणि त्याला हळूच दोन पावले मागे ढकलले. अंग काही झाडले नाही. भुंग्याने झाडले.

मामा पोट चोळत पुढे आला. “सरू,” तो म्हणाला, “देव म्हणतोय, मला ह्ये नगं. कान टोचून माझ्या नावानं सोड म्हणतोय. आजपसनं ह्यो देवाचा. ह्येला कुणी इकायचा न्हाय, कापायचा न्हाय, दावं बांधायचं न्हाय.”

सरुबाई जमिनीवर बसली आणि रडू लागली. रडता रडता हसूही लागली. कुंडलिकने नारळ इतक्या जोरात फोडला की अर्धी भकले सापडली नाहीत.

परतताना मी त्याला हळूच विचारले, “कुंडलिकराव, इंजिनच्या अंगावर चार बोटं लोकर आहे. दिवाळीत कातरायची असते ना? पाणी कातडीपर्यंत पोचलं तरी का?”

कुंडलिकने टेंपोतल्या पंधरा माणसांकडे पाहिले, मग माझ्याकडे. “सायेब, मेंढरामागं निम्मा जलम गेला माझा,” तो म्हणाला. “तुमी इचारू नका, मी सांगत न्हाय.”

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मी रजा टाकली. या सोमवारी सरुबाईही आली, पहिल्यांदाच. इंजिनच्या टोचलेल्या कानावरची हळद पाहून डॉक्टरबाईंनी काय झाले ते विचारले. कुंडलिकने सगळे सांगितले, लोकरीचे सोडून. त्यांनी हातमोजे चढवले, जमिनीवर बसल्या. भुंग्याने लोकरीत तोंड खुपसले. सहावी सुई शिरेत गेली, थेंबही बाहेर गळला नाही.

मग त्यांनी नाकात बॅटरी मारून बराच वेळ पाहिले. शेवटी सरुबाईच पुढे सरकली.

“बाई, झाला का बरा? तेवढं सपष्ट म्हणा.”

“झाला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “महिन्याने एकदा आणून दाखवा.”

भुंग्या उठला, सुई दिलेल्या पायाने लंगडत दारापर्यंत गेला आणि मागे वळून उभा राहिला. इंजिन अजून खोलीच्या मध्यभागीच होता. कुंडलिकने सवयीने त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला.

“आवं, हात कुणावर टाकताय!” सरुबाई ओरडली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, दारातून बाजूला झाली आणि इंजिनला म्हणाली, “चला, आता घरी चला. तुमी फुडं व्हा.”