वळणावरचा वड

अपघाताच्या बातमीची एक खोड असते. ती छापून होते, पण तिच्याभोवतीचं बोलणं संपत नाही. 'मोटार उलटून एक ठार, दोघे जखमी' एवढं पेपरात येतं. त्यात न मावलेलं सगळं बातमीदाराच्या डोक्यात साचत राहतं. कोण काय म्हणालं, कोण हसलं, कोणी कोणावर ढकललं! माझ्याकडे असा साठा बराच आहे आणि त्यातला निम्मा एकाच वळणावरचा. मित्र जमले की मी तो उघडतो. सुरुवातीला सगळे हसतात. मग एकेक जण गप्प होत जातो. व्हायलाच पाहिजे.

पन्नासनंतरची ती वर्षं. मी पुण्याच्या एका दैनिकाचा बातमीदार होतो. राहायला चिंचवडला, आणि पिंपरीपासून चाकणपर्यंतचा मुलूख माझ्याकडे. नाशिक रस्त्यावर, चाकणच्या अलीकडे, एका गावाशी रस्ता एकदम वळायचा. वळणाच्या आतल्या अंगाला जुना वड. त्याच्या पारंब्या रस्त्यावर अशा उतरल्या होत्या की समोरून येणारी मोटार दिसायची ती अंगावर आल्यावरच. बैलगाड्या होत्या तोवर कुणाचं काही अडलं नाही. मग पिंपरीला, नाशिक रस्त्यालाही कारखाने उभे राहू लागले, सिमेंटच्या लॉऱ्या आल्या, एस.टी. आली, चाकणचा कांदा लॉरीतून पुण्याला जाऊ लागला. वड मात्र होता तिथेच होता, आणि पारंब्या वाढतच होत्या.

वडासमोर हौसाबाईचं हॉटेल. हॉटेल म्हणजे वर पत्रा, खाली दोन बाकडी आणि एक चूल. तिचा नवरा कोंडिबा कांद्याच्या लॉरीवर ड्रायव्हर. मी पहिल्यांदा तिथे चहाला थांबलो, तेव्हा मी कोण हे कळल्यावर तिने कपबशी ठेवता ठेवता विचारलं, "भाऊ, तुमी पेपरवालं ना? मग त्या पारंब्या तोडायचं लिवा की. माजा मानूस रोज दोन डाव जातोय हितनं."

मी लिहिलं. पुष्कळ लिहिलं.

* * *

दारूबंदीचा काळ होता. अपघात झाला की रंगराव जमादार चौकीतून धावत यायचे आणि सगळ्यात आधी जखमीचं तोंड हुंगायचे! रक्त वाहतंय, हाड बाहेर आलंय, ते सगळं नंतर. प्यायलेला असला की केस सोपी. चूक त्याची, फाइल बंद.

एकदा एक दूधवाला सायकलसकट लॉरीखाली गेला. हौसाबाईने त्याच्यावर कांद्याचं बारदान टाकलं होतं. वळणावर कुणीही पडलं तरी ते बारदान तिच्याच घरातून यायचं. जमादार आले, बारदान वर केलं, वाकले, हुंगलं आणि परत झाकलं. तेवढ्यात दूधवाल्याचा थोरला भाऊ शेजारच्या गावातून पळत आला. जमादारांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने सांगितलं,

"काळजी करू नका. प्यायलेला नव्हता!"

आणि त्या भावाने हात जोडले हो. "उपकार झालं, सायेब," म्हणाला.

* * *

आमच्या धंद्यातली माणसंही काही कमी नव्हती. एस.टी. आणि लॉरीची धडक झाली, त्या दिवशी मी चाकणच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला. तासभर ताटकळल्यावर संपादक लायनीवर आले.

"मेले किती?"

"कुणी नाही. पण एका हमालाचे दोन्ही पाय गेले."

"मग आज जागा नाही. लक्ष ठेवा."

"कशावर?"

"त्याच्यावर!"

ठेवलं लक्ष. महिन्याभराने तो बिचारा पुण्याच्या इस्पितळात वारला. मी तडक ऑफिसात जाऊन संपादकांच्या टेबलासमोर उभा राहिलो. त्यांनी चष्मा काढला, मान हलवली आणि म्हणाले, "आता कसली बातमी? अपघात जुना झाला की हो!"

* * *

पारंब्या तोडायच्या तर परवानगी कुणाची, हे विचारायला मी सरपंचांकडे गेलो. सरपंच भला माणूस. गूळ-पाणी दिलं, पानाचा डबा पुढे केला आणि मला शांतपणे कायदा समजावून सांगितला.

"ह्ये बगा, खोड देवस्थानाचं. सावली गावाची. आन रस्त्यावर आलेल्या फांद्या-पारंब्या सरकारच्या."

मी चिडलो. "आणि तिथे मरणारी माणसं कुणाची?"

सरपंचांनी पानाला चुना लावला.

"ती भायेरगावची!"

खोटंही नव्हतं. तोवर वळणावर गेलेला प्रत्येक जण परगावचाच होता. गावाने त्यांच्यासाठी हळहळ केली, पाणी पाजलं, खांदाही दिला. पण पारंबीला हात लावला नाही.

* * *

मी लिहीत राहिलो. शेवटी रस्त्याच्या खात्याचे एक साहेब पाहणीला आले. केव्हा आले? बाजाराच्या दिवशी! मला वाटलं, बरं झालं, आता डोळ्यांनी बघतील.

साहेब येणार म्हणून जमादार पहाटेपासून खपत होते. वळणाच्या दोन्ही बाजूंना लांब दोर बांधून त्यांनी सगळी रहदारी अडवली. साहेब भर रस्त्यात खुर्ची टाकून बसले. वडाची गार सावली, पाखरांचा आवाज. हौसाबाईचा चहा घेतला आणि म्हणाले, "किती शांत जागा आहे!"

पुढे त्यांचा अहवाल आला. 'सदर ठिकाणी रहदारी नगण्य. उपाययोजनेची आवश्यकता दिसत नाही.'

त्या दिवशी साहेबांची गाडी गेली, दोर सुटले आणि तुंबलेल्या लॉऱ्या दोन्हीकडून एकदमच वळणावर आल्या. आरसे फुटले, एका बैलाचं शिंग मोडलं. मी जमादारांवर तुटून पडलो. "अहो, रहदारी बघायला साहेब आले होते! ती तुम्ही अडवलीत कशाला?"

जमादार माझ्याकडे बघतच राहिले. एवढा शिकलेला माणूस आणि एवढं कळत नाही!

"अहो, साहेबांना काही झालं असतं म्हणजे?"

* * *

तरी माझ्या ओरड्याने एक काम झालं. खात्याने पाटी लावली. पाटी इंग्रजीत. भोंगा वाजवा, एवढाच मजकूर. त्या रस्त्याने जाणाऱ्या ड्रायव्हरांत इंग्रजी वाचणारा एकही नव्हता. ते एक वेळ चाललं असतं, पण ती ठोकली कुठे? वडाच्याच खोडावर, पलीकडच्या बाजूला. म्हणजे पुण्याहून येणाऱ्याला ती दिसायची वळण पार केल्यावर!

मी खात्याच्या ओव्हरसियरला हौसाबाईच्या हॉटेलातच गाठलं. तो जराही गडबडला नाही.

"अहो, आलेला माणूस परत जाईलच ना? तेव्हा वाचेल."

बाकड्यावर कोंडिबा चहा पीत बसला होता. बशीतून मान वर न काढता म्हणाला,

"जो वाचंल त्यो वाचंल."

* * *

हा कोंडिबा मोठा मिस्किल गडी. पण त्याची एक खोड मला माहीत नव्हती. एकदा त्याच्या लॉरीत त्याच्या शेजारी बसून चाकणहून येत होतो. वळण आलं आणि या पठ्ठ्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडले. डोळे मिटले, हात जोडले, मग परत चाक धरलं! वडाखाली शेंदूर फासलेला देवाचा दगड होता. जसजसे अपघात वाढले तसतसे ड्रायव्हर त्याला जास्तच मानू लागले. सगळेच करायचे असं. ऐन वळणावर!

हॉटेलापाशी उतरताच मी त्याला धरलं.

"अरे, दोन्ही हात सोडतोस?"

"मग काय एका हातानं सलाम ठोकू? द्येव हाय त्यो. जमादार न्हाई!"

"आणि चाक?"

"तेवढं त्यो धरतो की!"

बाकड्यावरचे सगळे हसले. हौसाबाई हसली नाही. तिने किटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सगळ्यांदेखत नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अवं, नमस्कार म्या करीन. तुमच्या वाटणीचा. रोज दोन डाव. पर तुमी चाक सोडायचं न्हाई. माज्या गळ्याची आन हाय."

कोंडिबाने मान हलवली. तेव्हापासून लांबून त्याचा भोंगा ऐकू आला की हौसाबाई चुलीपासून उठायची, दारात यायची आणि वडाकडे तोंड करून हात जोडायची. कोंडिबा दोन्ही हातांनी चाक गच्च धरून समोरून जायचा. जाताना दात दाखवायचा. बाकीचे ड्रायव्हर त्याला सोडायचे नाहीत. "काय राव, बायकोला मुखत्यारपत्र दिलंस व्हय?"

"व्हय," कोंडिबा म्हणायचा. "तुमी बी द्या. गाडी लय सरळ चालती."

* * *

एका सकाळी मी बाकड्यावर बसलो होतो. चाकणकडून भोंगा वाजला. हौसाबाई उठली, दारात गेली, डोळे मिटले, हात जोडले.

आवाज झाला तेव्हा तिचे डोळे मिटलेलेच होते.

पुण्याकडून सिमेंटची लॉरी आली होती. कोंडिबाचे दोन्ही हात चाकावरच होते. ते सोडवताना आम्हाला त्रास झाला, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

सिमेंटच्या लॉरीचा ड्रायव्हर वाचला. त्याला आम्ही बाकड्यावर बसवलं. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"माजी काय चूक न्हाई वो. म्या तर हात जोडलं हुतं!"

जमादार आले. सवयीने कोंडिबावर वाकले. हौसाबाई बारदान घेऊन उभी होती. ती म्हणाली,

"जमादार, च्याचा वास यील. म्याच दिलाय सकाळी."

जमादार तसेच मागे सरले. त्या माणसाला खाली बघताना मी पहिल्यांदा पाहिलं.

संध्याकाळी गाव पारावर जमलं. मला वाटलं, आता तरी! गेलेला माणूस गावचा होता. सरपंचांनी पानाचा डबा मिटला. मग त्यांनी निकाल दिला.

"कोंडिबानं नमस्कार सोडला. द्येव कोपला."

सगळ्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून एकूण एक ड्रायव्हर दोन्ही हात सोडू लागला. आमच्या पेपरात बातमी मात्र चांगली ठळक आली. मथळा होता, 'सिमेंटअभावी कारखान्याचे काम खोळंबले'.

* * *

त्याच सुमारास सरपंचांनी फटफटी घेतली. गावातली पहिलीच. रोज चाकणच्या बाजारात जायचे. आणि वळण आलं की नेमाने दोन्ही हात जोडायचे. दोन चाकांवर!

वटपौर्णिमा आली. मी हॉटेलात होतो. हौसाबाईने हॉटेल बंद ठेवलं नव्हतं. वडाशी गावच्या बायका जमल्या. नवी लुगडी, ताटात आंबे आणि गरे, हातात दोऱ्याची रिळं. पुढे सरपंचीणबाई. गर्दीला रस्त्यातून बाजूला ठेवायला जमादार उभे.

बायका खोडाला दोरा गुंडाळू लागल्या. हौसाबाईने चूल विझवली, मागच्या भिंतीला अडकवलेला कोयता काढला आणि रस्ता ओलांडला.

बायका थांबल्या. कुणीतरी कुजबुजलं, "अगं बया, ही आज कशाला आली?"

"झाडाला हात लावीत न्हाई म्या," हौसाबाई म्हणाली. "म्हागच्या साली लावला हुता. सगळ्यांच्या आदी."

ती सरपंचीणबाईंसमोर जाऊन थांबली.

"वैनी, सरपंच कुटं गेल्यात?"

"चाकणला. का गं?"

"फटफटीवर?"

लांबून, चाकणच्या बाजूने, फटफटीचा आवाज येऊ लागला होता. सरपंचीणबाईंनी रस्त्याकडे पाहिलं. पारंब्यांपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. तेवढ्यात पुण्याकडूनही एक भोंगा वाजला.

सरपंचीणबाईंनी पूजेचं ताट खाली ठेवलं. हौसाबाईच्या हातातला कोयता घेतला. पदर खोचला आणि पहिल्या पारंबीवर घाव घातला. मग दुसऱ्या. बाकीच्या बायकांनी ताटं ठेवली आणि तुटलेल्या पारंब्या दोन्ही हातांनी ओढायला लागल्या.

जमादार धावत आले. "अहो बाई! हे काय करताय? या पारंब्या सरकारच्या आहेत!"

सरपंचीणबाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"असू द्या. मरनारी मानसं आमची हायेत."