पट्टीवरचे वीस सेंटीमीटर

आमच्या ऑफिसात सरांना सगळे 'वजाबाकी' म्हणत, अर्थात पाठीमागे. धरणातलं किती पाणी आज वीजघराला द्यायचं, किती उन्हाळ्यासाठी राखायचं आणि पुरासाठी किती जागा रिकामी ठेवायची, हे ठरवणं त्यांचं काम. कोणीही अंदाज सांगितला की ते त्यातून थोडं कापणारच. चार चहा मागवा म्हटलं तर तीनच मागवतील, अशी त्यांची थट्टा चाले. पण एकतीस वर्षांत त्यांच्या हिशोबामुळे धरणाचे दरवाजे एकदाही अचानक उघडावे लागले नाहीत, हेही तितकंच खरं.

रोज सकाळी सात वाजता ते धरणावर फोन लावत. पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचायला तिकडे मामा असत. मामा आकडा सांगत, सर "बरं" म्हणत आणि फोन ठेवत. एवढंच बोलणं. एका वर्षी काठ खचला, पट्टी वीस सेंटीमीटर खाली बसली आणि आकडा तेवढा जास्त दिसू लागला. पट्टी बदला म्हणून दोघांनी मिळून वरच्या कचेरीला अकरा पत्रं पाठवली. तिकडे कुणाला वाचायला सवड असेल तर ना! मग मामा दिसेल ते सांगत आणि सर मनातल्या मनात वीस वजा करत. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं.

सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसलो. "वीस वजा करायचे, विसरू नकोस," हे त्यांनी मला तीनदा बजावलं. मी विसरलो नाही.

शेवटच्या दिवशी सरांनी नेहमीसारखा सातला फोन लावला. मामांनी आकडा सांगितला. सरांनी रिसीव्हर जरा वेळ कानाशी तसाच धरला. मला वाटलं, आज तरी काहीतरी बोलतील. ते "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. एकतीस वर्षांचा निरोप एका शब्दात उरकला! मला त्यांचा रागच आला. आता स्वतःचाही येतो, कारण मामांशी दोन शब्द जास्त बोलायला मलाही कोणी अडवलं नव्हतं.

तिकडे मामांना वाटलं, नव्या माणसाला पट्टीची खोड कोण सांगणार? दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःच वीस वजा करून सांगू लागले. मी त्यातून आणखी वीस कापत राहिलो. कागदावर जागा होती, धरणात नव्हती. पाऊस वाढला आणि दरवाजे घाईघाईने उघडावे लागले. एरवी नदीकाठाला सावध करणारा भोंगा दोन तास आधी वाजतो, त्या दुपारी जेमतेम पंधरा मिनिटं आधी वाजला. मामांचा थोरला भाऊ नदीतला पंप वर ओढत होता. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

सर आणि मी मामांच्या घरी गेलो. मामा भिंतीला टेकून बसले होते.

"तुम्ही गेलात म्हणून मीच वजा करत होतो, साहेब," ते म्हणाले. "नव्या साहेबांची चूक व्हायला नको म्हणून."

"मी याला सांगितलं होतं," सर म्हणाले. "तुम्हाला सांगायचं राहिलं. फोन हातातच होता, मामा."

 

पट्टी अजून तीच आहे. चौकशी चालू आहे, तोवर तिला हात लावायचा नाही म्हणे. रोज सातला मी फोन लावतो, मामा आकडा सांगतात आणि मला विचारावंच लागतं, "मामा, वजा केलंय का?"

"नाही," ते म्हणतात. रोज सकाळी मी त्या माणसाला त्याच्या भावाची आठवण करून देतो, आणि न विचारण्याची माझी छाती होत नाही.

अधूनमधून सरांकडे जातो. काकू सांगतात, सात वाजले की ते फोनपाशी जाऊन उभे राहतात. परवा त्यांनी विचारलं, "रोज विचारतोस ना?"

"हो."

"काय म्हणतात?"

"नाही म्हणतात."

आता ते "बरं" म्हणतील म्हणून मी थांबलो. तेवढा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही.