सूतगिरणीची सोंडवाली

लोक मला विचारतात, की एवढ्या धूळ ओढायच्या मशिनी गोळा करून तू करतोस काय? आधी मी नीट उत्तर द्यायचो. आता म्हणतो, लोणचं घालतो. कारण विचारणाऱ्याला उत्तर नको असतं, त्याला फक्त हसायचं असतं. हसा बाबांनो, माझं काही जात नाही.

माझं दुकान माजलगावात, मोटारी भरायचं. विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती माझ्याकडे आणून टाकणार, मी जुनी तार उपसून नवी भरणार. दुष्काळाच्या पहिल्या वर्षी असलं काम दारात मावत नव्हतं, कारण पाणी खाली गेलं आणि कोरड्या चालून मोटारी धडाधड जळाल्या. पुढच्या वर्षी विहिरींना तळ दिसला. मोटर चालूच होईना, तर जळणार कुठून? दुकानात मी आणि माश्या. तेव्हा बदली होऊन गेलेल्या एका बँकवाल्या साहेबांची मशीन भंगारवाल्या चाचांनी माझ्यापुढं आणून ठेवली. लांब नळीची, चाकांची, तोंडाशी चपटा ब्रश. चाचा तिला सोंडवाली म्हणायचे. “उस्ताद, देखो, सोंडवाली लाया हूं.” रिकाम्या हातांना चाळा म्हणून उघडली. आतली मोटर इतकी सुबक भरलेली होती, की माझा जीवच तिच्यावर बसला.

तिथून नाद लागला. या मशिनी आपल्या जिल्ह्यात आल्या कशा, याचं मला कुतूहल. टाय लावलेली पोरं यायची, गादीवर फडकं टाकायची, मशीन फिरवायची आणि फडक्यावरची माती दाखवून घरधनिणीला लाजवायची. पगारदार माणूस घेऊन टाकायचा. मी मशीन दुरुस्त केली की तिच्या मूळ मालकाकडं जातो. कधी घेतली, पहिल्यांदा काय साफ केलं, बंद का पडली, सगळं विचारतो आणि पुठ्ठ्यावर लिहून मशीनच्या गळ्यात बांधतो. सिरसाळ्याचा एक व्यापारी सोंड मागच्या बाजूला लावायचा आणि हवा मारून तुरीतला कचरा उडवायचा. चकलांब्याच्या एका घरात मशीन लग्नात रुखवतावर मांडली होती, लाडवांच्या टोपलीशेजारी. लग्न झालं, मशीन माळ्यावर गेली, ती पोरीचं पोर कॉलेजात गेलं तरी खोक्यातच. मी म्हटलं, “मावशी, वापरली कावून न्हाई?” तर म्हणाल्या, “आरं, चांगली वस्तू हाय. खराब झाली असती की!”

हे उत्तर मी इतक्या घरांत ऐकलंय, की आता ऐकताना दात खातो. चांगली वस्तू म्हणून वापरायची नाही! कपबशी पाहुण्यांची, चादर पाहुण्यांची, नवी बादली पाहुण्यांची, आणि आपण आपलं फुटक्या टमरेलावर. पण माझा हा राग मावशींवरचा नाही. तो दादावरचा आहे, आणि दादाचं सांगायचं म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. सहकारी सूतगिरणीत कार्डिंग खात्यात होता. तिथं कापूस विंचरतात. विंचरताना जे बारीक तूस उडतं, ते हवेत राहतं, पापण्यांवर बसतं आणि श्वासाबरोबर आत जातं. दादा घरी यायचा तेव्हा भुवया पांढऱ्या. आम्ही हसायचो, म्हातारा आला म्हणायचो. आमची थोडी कपाशी होती, म्हणून वडलांच्या मागं गिरणीचा सभासदही दादाच झाला. सभेत भाषणं व्हायची, की गिरणीचे मालक तुम्हीच. दादाला त्याचा भारी अभिमान. वहिनी चिडवायची, “मालक, पीठ दळून आणा जरा.” मग पावसानं पाठ फिरवली, कापूस येईना झाला, गिरणी बंद पडली. मालक घरी बसले, आणि छातीत जे साठलं होतं ते बोलायला लागलं. जिना सोडा, अंगणातून ओट्यावर चढला तरी दादा खांबाला धरून उभा राही. डॉक्टरांनी वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, औषध चालू ठेवा, पण धुळीपासून जपा. आता या गावात धुळीपासून कुठं जपायचं? दुष्काळात तर सगळा फुफाटाच.

विहिरींना तळ दिसला त्याच वर्षी नवरात्र जवळ आलं. आमच्याकडं घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवून निघालंच पाहिजे. एरवी बाया गोधड्या-वाकळांची गाठोडी घेऊन सिंदफणेवर जायच्या, दिवसभर धुणं चालायचं. त्या साली नदीत वाळू. प्यायला टँकर, तोही येईल तेव्हा खरा. मग बायांनी काठ्या काढल्या. गोधडी दोरीवर टाकायची आणि झोडपायची. पहिल्या घरानं झोडपली आणि गल्लीत असं धुकट झालं, की समोरचं दार दिसेना. दादा आत होता. वहिनीनं दारं लावली, फटींत फडकी कोंबली, तरी काय? खोकून खोकून त्याचे ओठ निळे पडले. मी पाठ चोळत बसलो होतो. असा हात फिरवताना आपला भाऊ आपल्या हाताखाली बुडतोय असं वाटतं, आणि काढता येत नाही. त्या दिवशी निभावलं. पण गल्लीतली बाकी घरं अजून राहिली होती.

वहिनी घराघरांत हात जोडून आली. बाया काही वाईट नव्हत्या. सगळ्यांना दादाची माया. पण त्याही कोड्यात पडल्या. शेजारची काकू म्हणाली, “पोरी, तुजं समदं कळतंय गं. पर घाणेऱ्या हातरुणाच्या घरात देवी बसवू कशी?” वहिनीच्या मागं मी उभा होतो. मी म्हटलं, काठ्या खाली ठेवा, मी मशिनीनं करून देतो. जोरात म्हणून बसलो खरा. घरी येऊन माझ्याकडची सगळ्यांत चांगली सोंडवाली पहिल्या वाकळीवर लावली. थोडी घरघरली, धूर सोडला आणि बसली. दुसरीचीही तीच गत. त्या बिचाऱ्या गालिच्यावरचा चिवडा उचलायला केलेल्या, वाकळीतली आमची माती त्यांना कुठली झेपतेय! माझं तोंड बघण्यासारखं झालं. बायांनी दोन दिवस थांबायचं कबूल केलं होतं.

पळतच चाचांकडं गेलो. म्हटलं, चाचा, मोठी पाहिजे, कारखान्यातली. चाचांनी डोकं खाजवलं आणि मागच्या पत्र्याकडं नेलं. सूतगिरणीचं भंगार त्यांनी घेतलं होतं. त्यात एक पिंपाएवढी हिरवी मशीन आडवी पडली होती. नळी उंदरांनी कुरतडलेली, आतली पिशवी अर्धी खाल्लेली. हातगाड्यावर घालून घरी आणली आणि अंगणात उघडायला घेतली. झाकणाच्या खाचेत लाल काहीतरी बसलं होतं. मी पॉलिश पेपर घेऊन घासायला लागलो.

दादा दाराशी उशीला टेकून बसला होता. म्हणाला, “घासू नको. गंज न्हाई त्यो. कुंकू हाय.”

मी वर पाहिलं. तो मशीनकडं बघत होता. “माज्याच बोटाचं हाय,” म्हणाला.

मग थांबत थांबत, दम घेत त्यानं सांगितलं. ही मशीन आली होती ती कार्डिंग खात्यासाठीच. तूस ओढायला. आली तेव्हा खांडेनवमी होती. अवजारांची पूजा असते, तशी हिचीही झाली. दादानं कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी चालू करायची, तर कोणाचा हात होईना. इतकी चकचकीत, इतकी देखणी. खात्यातले सगळे म्हणाले, हिला या रुईत कशाला घाण करायची? जरा राहू द्या. मग तिच्यावर धुतलेलं कापड टाकून कोपऱ्यात ठेवली. रोज कोणीतरी पुसायचं. पुढं मुंबईहून कोणी मोठे पाहुणे यायचे होते, गेस्ट हाऊसमधल्या गालिच्यासाठी मशीन मागितली. कोणी ओढून नेली नाही. दादानंच आपल्या रुमालानं पुसली आणि ढकलत गेस्ट हाऊसला पोचवून आला. ती परत आली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.

माझं डोकं फिरलं. आजारी माणूस समोर आहे हेही विसरलो. ओरडलो, “कावून दिली रे दादा? तुमच्यासाठी आलती ना ती? तुम्ही मालक ना गिरणीचे?”

“लई देखणी व्हती रे,” दादा म्हणाला. “आमाला वाटलं, आपल्याला काय, तोंडाला फडकं बांदलं की झालं.”

कपाळ माझं! चोरानं नेली असती तर शिव्या तरी घातल्या असत्या. मी मान खाली घालून पिशवी उपसली. लाल लोकरीचे धागे, बडीशेप, काड्यापेटीच्या जळक्या काड्या, सुकलेल्या गुलाबाच्या पाकळ्या. कापसाचं एक तूस नाही. मोटर फिरताना घासून झिजतात ते कार्बन बघितले, ते झिजलेलेसुद्धा नव्हते. वहिनी मागं उभी राहून सगळं ऐकत होती. ती आत गेली आणि नव्या पिशवीसाठी मांजरपाट घेऊन आली.

मग मात्र मी हात थांबवला नाही. बेरिंग जाम होतं ते बदललं. ओलीनं तार खराब झाली होती, सगळी काढून नव्यानं भरली. आयुष्यात मोटारी भरल्या, पण अशी जपून एकही भरली नसेल. नळीच्या जागी इंजिनाचा सक्शन पाइप कापून बसवला. वहिनीनं मांजरपाटाची दुहेरी पिशवी शिवली, टाके इतके जवळ घातले की सुई शिरायला जागा राहिली नाही. बटण दाबलं. मशीन अशी गरजली, की काकूंची शेळी दावं तोडून पळाली. दादा हसला. हसताना खोकला आला, पण हसायचं थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीनं अंथरुणं आणली. टँकरला घागरींची रांग लागायची तशी ओट्यापासून गोधड्यांची रांग लागली. मी सोंड धरली, बाया वाकळी ताणून धरत होत्या. उलटी, सुलटी, कडा, शिवणी. काकूंनी आपली गोधडी हुंगून बघितली, उन्हात धरून बघितली आणि जाहीर केलं, “देवीला चालंल.” जीव भांड्यात पडला. दादाचं दार त्या दिवशी उघडं होतं. सगळी गल्ली साफ होईपर्यंत तो दारातच बसला, आणि खोकला तो एरवीइतकाच. मध्येच म्हणाला, “मला दे की जरा.” मी सोंड त्याच्या हातात दिली. त्याच्या मांडीवर त्याचीच गादी ठेवली, जुन्या कापसाची. गादीच्या उसवलेल्या कडेतून तूस निघून सोंडेत जात होतं आणि दादा ते एकटक बघत होता. “ह्येच,” एवढंच म्हणाला. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

घट बसले. खांडेनवमी आली. मी सवयीनं पाने, पक्कड, सोल्डरिंग सगळं पुसून मांडलं, आणि मधोमध हिरवी मशीन. वहिनीनं कुठून तरी झेंडूची फुलं मिळवून हार केला होता. मी तो मशीनला घालायला गेलो, तर दादानं हात वर केला.

“हार नको घालू तिला,” म्हणाला. “चालव.”

“आज पूजा असते दादा. आज अवजारं चालवत नाहीत.”

“म्हाईत हाय मला. चालव बे.”

चालवली. अंगण साफ होतं, तिला ओढायला काही नव्हतं, नुसतीच गरजत राहिली. हार ताटातच सुकला.

दादा उन्हाळ्यात गेला. मी मशीनच्या गळ्यात बांधायला पुठ्ठा घेतला, पण काय लिहू सुचेना. शेवटी लिहिलं: कार्डिंग खात्यासाठी आली होती, मालकानं एकदा चालवली. त्या साली पाऊस चांगला झाला. सिंदफणा वाहिली, बाया गाठोडी घेऊन पुन्हा नदीवर गेल्या, मशीनला काम उरलं नाही. वर्ष सरलेलं नव्हतं म्हणून आमच्या घरी सण नव्हता. तरी खांडेनवमीला सकाळी वहिनी झेंडूचा हार घेऊन दुकानात आली. हार माझ्या हातात दिला आणि हिरव्या मशीनपाशी जाऊन उभी राहिली. 

मग मी तो हार भिंतीवरच्या दादाच्या फोटोला घातला, आणि बटण दाबलं.